दुसरी पसंती : धारच्या ओसरीवरची १९६९ ची राष्ट्रपती निवडणूक

जुलै २०२२ मधली गोष्ट. आपल्या प्रदेशातल्या पंचायत निवडणुकांचे तिन्ही टप्पे, २५ जून, १ जुलै आणि ८ जुलै, नुकतेच आटोपले होते. मतपेट्या, शिक्के, लाख आणि मतपत्रिकांच्या घड्या यांनी आम्हा सरकारी नोकरांचे कंबरडे मोडले होते. एका हाटाच्या दिवशी तिरल्याला टपरीवर चहा घेत उभा होतो. बाकावर चार-पाच शेतकरी बसले होते, सगळे जवळपासच्या फळियांतले भिल्ल. आधी विषय निघाला जनपद अध्यक्ष कोण होणार याचा, आणि तिथून गाडी थेट दिल्लीला गेली. द्रौपदी मुर्मू की यशवंत सिन्हा? एक म्हणाला, बाई शिकलेली आहे, मास्तरीण होती, नगरसेवकापासून राज्यपालापर्यंत चढत गेली. दुसऱ्याने विचारले, पण तिथे बसल्यावर ती बोलेल का? तिसरा म्हणाला, ते सिन्हा मोठे अफसर होते, अर्थमंत्री होते, त्यांना कायदा जास्त कळतो. त्यावर सगळ्यांत म्हातारा जो होता त्याने एवढेच म्हटले, "आपली आहे." आणि तो विषय तिथे संपला.

यांतल्या कोणालाही मत नव्हते. जनपद अध्यक्ष जनपदचे सदस्य निवडतात, राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. पण चर्चा अशी रंगली होती, जणू उद्या सकाळी यांच्याच बोटाला शाई लागणार आहे.

घरी येऊन हे वडिलांना सांगितले. ते हसले आणि कपाटाच्या तळातून एक जाड पुठ्ठ्याची वही काढून दिली. "हे आपल्या ओसरीवर त्रेपन्न वर्षांपूर्वी झालंय," म्हणाले. पुढचा लेख त्या वहीमुळे सुचला. आकडे आणि तारखा अर्थात नंतर पडताळून घेतल्या, कारण वही चौदा वर्षांच्या मुलाने लिहिलेली होती आणि आजोबा सांगतील तसे लिहिलेली होती.

आजोबा धारला शाळेत मास्तर होते. मुलाचे अक्षर सुधारावे म्हणून ते त्याला ओसरीवरच्या गप्पांचा 'वृत्तांत' लिहायला बसवीत. मंडळी ठरलेली. एक आजोबा स्वतः, जनसंघाचे. दुसरे शेजारचे वकीलकाका, खादीवाले, जुने काँग्रेसी. तिसरे आजीचे धाकटे भाऊ, वडिलांचे मामा; ते इंदूरच्या कापड गिरणीत होते आणि रविवारी बसने यायचे. आजी आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसायची आणि तिला वाटेल तेव्हा बोलायची.

पक्ष घेऊन भांडायची आपल्याकडे जुनीच सवय. देवासला तर एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि माणूस कुठल्या पातीचा हे कळल्याशिवाय त्याच्याशी काय बोलावे ते ठरत नसे. संस्थाने गेली तरी पात्या गेल्या नाहीत, नावे तेवढी बदलली. १९६७ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात २९६ पैकी १६७ जागा काँग्रेसला आणि ७८ जनसंघाला मिळाल्या होत्या. माळव्यात जनसंघाचा जोर मोठा. त्याची घडी बसवणाऱ्यांत आपल्या धारलाच १९२२ साली जन्मलेले कुशाभाऊ ठाकरे होते. त्यामुळे ओसरीवर आजोबांचा आवाज वरचढ असे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले. पदावर असताना राष्ट्रपतीचे निधन होण्याची ही पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पुढचा राष्ट्रपती कोण, यावर काँग्रेसमध्येच दोन तट पडले. १२ जुलैला बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात मतदान झाले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळाने चार विरुद्ध दोन मतांनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. या चार मतांत दोन मते मराठी होती, स. का. पाटील यांचे आणि यशवंतराव चव्हाणांचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांना सगळ्यांत जास्त शिव्या खाव्या लागल्या ते पाटील आणि त्या राज्याचा मंगलकलश ज्यांनी आणला ते चव्हाण एका बाजूला बसले, हे पाहून आजोबा म्हणाले होते म्हणे, की अत्रे असते तर उद्याचा 'मराठा' वाचण्यासारखा निघाला असता. आचार्य अत्रे महिन्यापूर्वीच, १३ जूनला वारले होते.

मग एका आठवड्यात सगळे उलटेपालटे झाले. १६ जुलैला इंदिराजींनी मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या वटहुकमावर सही गिरींची. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, त्यांनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. (त्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला. वहीत या दोन्ही बातम्या एकाच पानावर आहेत आणि चंद्राला दोन ओळी आहेत.) राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ती पाच आठवड्यांची खुर्ची सांभाळली. ते आपल्याच मुलखातले म्हणायचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. वकीलकाकांनी त्यांना कोर्टात पाहिले होते आणि तेवढ्या पुण्याईवर ते ओसरीवर घटनेचे अधिकारी समजले जात.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी मिळून तिसरे नाव काढले ते चिंतामणराव देशमुखांचे, आणि आजोबांना आभाळ ठेंगणे झाले. पक्ष आपला, माणूसही आपला. असे आमच्या घरात त्यापूर्वी झाले नव्हते.

देशमुखांचे गुण सांगायला वहीची तीन पाने लागली आहेत. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले. आणि आपल्या लोकांना विशेष वाटावे असे म्हणजे त्यांची नोकरी झाली ती मध्य प्रांत-वऱ्हाडात. रायपूरला ते सेटलमेंट ऑफिसर होते. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी. १९५० पासून सहा वर्षे नेहरूंचे अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मेघदूताचे मराठी भाषांतर केलेले. एवढे सांगून झाल्यावर आजोबांनी लिहायला लावलेले वाक्य असे: "या तिघांत ज्याला परीक्षेला बसवले तरी चालेल असा उमेदवार एकच."

वकीलकाका गप्प बसणारे नव्हते. ते म्हणाले, परीक्षेला बसवायचे तर इंग्रजांनी बसवलेच होते की. लोक तुरुंगात गेले तेव्हा हे गृहस्थ कचेरीत होते. राष्ट्रपती होणाऱ्याने कधीतरी लोकांत उन्हातान्हात उभे राहिलेले असावे.

त्यावर आतून आजी म्हणाली, "दुर्गाबाई गेल्या होत्या की तुरुंगात. खरं तर त्यांनाच उभं करायला हवं होतं." दुर्गाबाई देशमुख मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, संविधान सभेत होत्या, समाजकल्याण मंडळाचे काम त्यांनी उभे केले. आजीच्या महिला मंडळाला त्यांचे नाव चांगले ठाऊक होते. ओसरीवर या सूचनेला कोणी उत्तर दिलेले नाही, निदान वहीत तरी नाही. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या. रेड्डी अनंतपूरचे, गिरी बहरामपूरचे. म्हणजे तिन्ही उमेदवारांच्या घरी तेलुगू होती, आणि भांडण चालले होते धारला, मराठीत.

वहीत तिघांचे गुण-दोष दोन रकान्यांत मांडले आहेत. त्यांत एक गोष्ट मला आज वाचताना फार महत्त्वाची वाटते. तिघांचाही सगळ्यांत मोठा गुण म्हणून जे लिहिले आहे तो एकेक राजीनामा आहे.

गिरी कामगारांचे माणूस. आयर्लंडमध्ये शिकताना तिथल्या क्रांतिकारकांच्या नादाला लागले म्हणून परत यावे लागलेले, मग रेल्वे कामगारांची संघटना बांधलेली. नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेल्या निवाड्यात सरकारने बदल केला, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मामांचा सगळा भर यावर. गिरणीत काम करणाऱ्या माणसाला दुसरे काय प्रमाणपत्र हवे? आजोबांनी या मुद्द्याला हात लावला नाही. आणि तो त्यांनी लावला नाही याचे कारण मला पुढे कळले: तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १९६९ मध्ये समोरासमोर उभे राहिलेले हे दोघे पंधरा वर्षांपूर्वी एकाच मंत्रिमंडळात होते, आणि त्यांतला एक बँकेच्या कारकुनांसाठी बाहेर पडला तेव्हा दुसऱ्याच्या हाती तिजोरी होती.

रेड्डींचा राजीनामा १९६४ चा. आंध्रचे मुख्यमंत्री असताना कर्नूलच्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल शेरे मारले, आणि ते पायउतार झाले. वकीलकाका म्हणत, कोर्टाचा मान राखणारा असा मुख्यमंत्री दाखवा. आजोबा म्हणत, मान राखला हे खरे, पण शेरे मारण्यासारखे काही घडले म्हणूनच मारले ना! एकच घटना एका रकान्यात गुण म्हणून आहे आणि दुसऱ्यात दोष म्हणून. सभापती झाल्यावर रेड्डींनी पक्षाचे सदस्यत्व सोडले होते हेही काकांनी लिहायला लावले आहे. खाली मामांचे उत्तर, की मग आता पक्षाचे उमेदवार म्हणून कसे आले?

आणि देशमुखांचा राजीनामा तर आपल्या घराघरांत पाठ होता. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय, मुंबईतला गोळीबार, त्याची चौकशी करायला दिलेला नकार, या सगळ्यावर जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. दिल्लीत मराठी माणूस ताठ मानेने बाहेर पडला, असे आजोबांचे शब्द आहेत.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ज्या राज्यपुनर्रचनेतून मुंबईचा तो वाद पेटला, त्याच पुनर्रचनेने १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत राज्य मोडले आणि आपण मध्य प्रदेशात आलो. नागपूर-विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. पवारांच्या काळापासून इथे असलेल्या आपल्या घरांसाठी कोणी राजीनामा दिला नव्हता, आणि देण्याचे कारणही नव्हते. आपले गाव आपल्यापाशीच होते. पण जी मुंबई आमच्या आजोबांनी आयुष्यात दोनदा पाहिली, तिच्यासाठी सोडलेले मंत्रिपद त्यांना स्वतःच्या घरचे वाटले. दूर राहणाऱ्या मराठी माणसाचे हे असेच असते. मी हे हसण्यासाठी लिहीत नाही, माझेही तसेच आहे.

त्या उन्हाळ्यानंतरच्या भांडणाचा खरा विषय मात्र बँका होता. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे लोक राष्ट्रीयीकरणावर तुटून पडले होते. आजोबाही. सरकार उद्या आमची किराणा दुकाने ताब्यात घेईल, वगैरे. एका रविवारी मामांनी विचारले, "मास्तर, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक कोणी केली? आयुर्विमा कोणी ताब्यात घेतला?" इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली १ जुलै १९५५ ला. आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा १९ जानेवारी १९५६ ला. दोन्ही वेळा अर्थमंत्री देशमुख. खुद्द रिझर्व्ह बँक १९४९ च्या पहिल्या दिवशी सरकारी झाली तेव्हा गव्हर्नर देशमुख. म्हणजे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध आरोळी ठोकणाऱ्या दोन पक्षांनी उमेदवार दिला होता तो, इंदिराजींच्या आधी देशातले सगळ्यांत मोठे राष्ट्रीयीकरण ज्याच्या हातून झाले तो माणूस.

वहीत या प्रश्नाखाली उत्तर नाही. पान तिथे संपते, आणि पुढच्या पानावर पावसाची बातमी आहे. देशमुखांच्या दोषांचा रकाना आजोबांनी शेवटपर्यंत भरू दिला नाही. वडील सांगतात, मामांनी जाता जाता स्वतःच्या पेनाने त्यात 'विमा' एवढा एक शब्द लिहिला. तो शब्द आहे. शाई वेगळी आहे.

मला आजोबा यात खोटे वाटत नाहीत. त्यांना देशमुखांमधला जो माणूस हवा होता तेवढा त्यांनी घेतला. मामांनी गिरींचे तेच केले. आपण सोडून दिलेले हंगामी राष्ट्रपतिपद आणि आदल्या दिवशी केलेली वटहुकमावरची सही यांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. पंच्याहत्तर वर्षांचा हा माणूस पंतप्रधानांपुढे नाही म्हणू शकेल का, हा प्रश्न वकीलकाकांचा होता. आणि रेड्डी आले तर ते मोरारजी-पाटलांच्या सांगण्यावरून इंदिराजींनाच घालवतील, ही भीती मामांची. तिघेही शहाणे होते, तिघांनाही दुसऱ्याच्या उमेदवाराचे दोष अचूक दिसत होते.

आता ज्यांना खरोखर मत होते त्यांच्याकडे वळू. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतांना वजन असते. राज्याची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले एक हजार. १९६१ ची मध्य प्रदेशची लोकसंख्या ३,२३,७२,४०८, आमदार २९६, म्हणून आपल्या प्रत्येक विधायकाच्या मताचे मोल १०९. महाराष्ट्रातल्या आमदाराचे १४६. खासदाराचे ५७६. मतपत्रिकेवर शिक्का नाही, पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३. पहिल्या पसंतीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर शेवटचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती वाटायची. मी डिप्लोमा झालेला उपयंत्री, मोजमाप पुस्तिकेत आयुष्य चाललेले. मला ही पद्धत आवडते. पण वडील सांगतात, ओसरीवर ती समजायला दोन रविवार लागले आणि आजोबांना ती मुळीच आवडली नाही. पहिली पसंती एकाला दिल्यावर दुसरी कशी देता येते, लग्नात देतो का, असे ते म्हणाले.

याच दुसऱ्या पसंतीवर पुढचे सगळे महाभारत घडले. देशमुख निवडून येणार नाहीत हे त्यांना उभे करणाऱ्यांनाही दिसत होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले आणि तुमची दुसरी पसंती रेड्डींना द्या म्हणाले. त्या भेटीचाच इंदिराजींच्या बाजूने हत्यारासारखा उपयोग झाला. पाहा, हे उजव्यांना जाऊन मिळाले! रेड्डींच्या अर्जावर स्वतः इंदिराजींची सही होती. तरी त्यांनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि ऐन वेळी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे सांगितले. कम्युनिस्ट, द्रमुक वगैरे पक्ष गिरींच्या मागे आधीच होते.

आमच्या ओसरीवर मात्र दुसऱ्या पसंतीने मोठी पंचाईत केली. देशमुखांची दुसरी पसंती रेड्डींना, म्हणजे आजोबा आणि वकीलकाका, बावीस वर्षे ज्यांचे एका विषयावर एकमत झाले नव्हते, ते एका बाजूला आले. वडील म्हणतात, त्या आठवड्यात दोघेही अवघडल्यासारखे बसत.

१६ ऑगस्टला मतदान झाले. श्रावण नुकताच लागला होता. आपल्याकडचे विधायक भोपाळला, मिंटो हॉलमध्ये तेव्हाची विधानसभा भरे तिथे, मत देऊन आले. २० ऑगस्टला दिल्लीत मोजणी झाली. वहीत ट्रान्झिस्टरवर ऐकून लिहिलेले आकडे आहेत, ते जवळजवळ बरोबर आहेत. पहिली पसंती: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. एकूण वैध मते ८,३६,३३७, जिंकायला हवीत ४,१८,१६९. गिरी पुढे, पण पोहोचले नाहीत. मग बाकीचे बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. रेड्डींना त्यांतून ९१,८७९ मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. शेवट: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

म्हणजे १४,६५० चा फरक. तेरा खासदारांनी आपली पसंती फिरवली असती तर निकाल उलटा लागला असता. आपल्या विधानसभेच्या हिशेबाने अडुसष्ट विधायक. १९६७ च्या जनसंघाच्या ७८ जागा तशाच्या तशा धरल्या तर मध्य प्रदेशातून देशमुखांच्या पदरात फार तर ८,५०२ मते पडणार होती. ज्या उमेदवाराच्या गुणांनी आमची तीन पाने भरली त्याला देशभरातून शंभरात साडेतेरा. आणि निकाल ठरवायला जी मते उपयोगी पडली ती त्यांच्या गुणांची नव्हेत, त्यांच्या मतपत्रिकेवर खाली लिहिलेल्या दोनच्या आकड्याची.

आकडे पडताळताना मला एक गोष्ट सापडली जी वहीत नाही. त्या निवडणुकीत एकूण पंधरा उमेदवार होते. पाच जणांना एकही मत पडले नाही. उरलेल्यांत एक नाव आहे पांडुरंग नाथुजी राजभोज, मते ८३१. हे पुण्याचे पां. ना. राजभोज. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे नेते, १९५२ मध्ये सोलापूरहून लोकसभेवर गेलेले. म्हणजे १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाला दोन मराठी माणसे उभी होती. बाबासाहेबांचे जन्मगाव महू आमच्या घरापासून किती लांब आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तरी 'आपला माणूस' म्हणून भरलेल्या तीन पानांत राजभोजांचे नावसुद्धा नाही. वडिलांना विचारले. ते बराच वेळ वही चाळत राहिले आणि म्हणाले, "आमच्या कानावरच आलं नाही." ते खरेच असेल. पण तिरल्याच्या त्या म्हाताऱ्याने 'आपली आहे' म्हटले तेव्हा त्यात कोण आले आणि कोण राहिले, हे त्याला नक्की माहीत होते. आमच्या आजोबांना ते माहीत होते का, हे मला सांगता येत नाही.

२४ ऑगस्टला गिरींचा शपथविधी झाला आणि तीन आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला, गणपती बसले. त्या वर्षी मंडपात आरतीला वकीलकाका पुढे आणि आजोबा मागे उभे, एकमेकांशी बोलणे बंद. आजोबांच्या मते काँग्रेसवाल्यांनी आपल्याच उमेदवाराला पाडून देशमुखांची दुसरी पसंती फुकट घालवली. वकीलकाकांच्या मते जनसंघाने मुळात वेगळा उमेदवार दिला नसता तर ही वेळ आली नसती. मामा पेढे घेऊन आले होते, ते आजीने ठेवून घेतले आणि कोणाला वाटले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली. बंगलोरला रेड्डींना मत देणारे यशवंतराव इंदिराजींबरोबर राहिले. गिरींच्या निवडीविरुद्ध अर्ज झाले. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे एक निनावी पत्रक संसदेत वाटले गेले होते, त्याची चौकशी झाली. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला गेले. १९७० मध्ये न्यायालयाने ते अर्ज फेटाळले. वकीलकाका या खटल्यावर ओसरीवर बोलायला आले नाहीत, कोर्टाच्या आवारात बोलले.

आपला माणूस आणि आपला पक्ष पुन्हा एकदा समोर आले ते २००७ मध्ये, आणि या वेळी आमनेसामने. जळगावच्या प्रतिभाताई पाटील काँग्रेसच्या आघाडीकडून, भाजपच्या पाठिंब्यावर भैरोंसिंह शेखावत. खानदेश म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ किंवा सासर. शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून मराठी म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ मतांनी आल्या. आजोबा तेव्हा नव्हते. माझे वडील, भाजपचे, निकालाच्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून होते. आनंद झाला का विचारले तर म्हणाले, "हो, पण सांगू नकोस कोणाला."

आजोबांबद्दलची शेवटची नोंद मात्र १९७७ ची आहे. आणीबाणी उठली होती, जनता सरकार आले होते, त्यात जनसंघ होता आणि जुनी संघटना काँग्रेसही. राष्ट्रपतिपदासाठी सदतीस अर्ज आले, छत्तीस बाद झाले, आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. त्या संध्याकाळी आजोबांनी वडिलांच्या हाती पावशेर पेढे देऊन वकीलकाकांकडे पाठवले आणि निरोप सांगायला सांगितला, "तुमची पहिली पसंती, आमची दुसरी." काकांनी पेढे ठेवून घेतले, रिकामा पुडा परत दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, नेहमीच्या वेळी, ओसरीवर येऊन बसले.